चोक नसलेली गाडी थंडीत सकाळी चालू कशी करायची

डिसेंबर-जानेवारीत बेळगावात सकाळी सहाला बाहेर पडलं की तोंडातनं वाफ येते, पारा बारा-तेरावर आलेला असतो. उद्यमबागेच्या मागच्या बाजूला आमची पत्र्याची शेड आहे, तिथं रात्री पत्र्यावर पडलेलं दव सकाळी टपटप बॉनेटवर गळायला लागतं. अशाच एका सकाळी मी आमच्या घरी बनवलेल्या टू-सीटरमधी बसून सेल्फ मारायलोय, मारायलोय, आणि इंजिन नुसतं खुर्र खुर्र करतंय, फायर काय होईना. शेजारचे काका तोंडात ब्रश घेऊन आले, पाच मिनिटं गप्प उभं राहून बघितलं आणि म्हणाले, "चोक ओढ की रे."

चोकच नाही काका.

त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं जसं काय मी ब्रेक नसलेली गाडी बनवलीय. त्या पहिल्या थंडीत माझी एक बॅटरी कायमची गेली, प्लगचे दोन सेट गेले, आणि एकदा तर एअर फिल्टरनं पेट घेतला, ते पुढं सांगतो. आता चौथी थंडी आहे आणि गाडी दुसऱ्या सेल्फला उठते. मधल्या काळात जे काय कळलं ते सगळं इथं लिहून सोडतो, कारण ज्यांनी ज्यांनी अशी गाडी बनवलीय किंवा जुन्या गाडीला रेसिंगचा कार्ब (कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) लावलाय त्या प्रत्येकाला पहिल्या थंडीत हेच रडगाणं असतंय.

आधी गाडीबद्दल थोडं. इंजिन मारुती एस्टीमचं, कार्ब्युरेटरवालं, १२९८ सीसी. चेसिस आम्ही स्क्वेअर पाइपची वेल्डिंग करून बनवली, मॉडेल डोळ्यासमोर लोटस सेव्हनचं. ही गाडी १९५७ साली इंग्लंडात आली, तिकडं सुटे पार्ट विकत घेऊन घरी जोडली तर टॅक्स वाचायचा म्हणून लोक किट घेऊन जायचे, नंतर १९७३ पासनं कॅटरहॅमवाले तीच बनवतात. आमच्या इंजिनवर दोन वेबर ४० डीसीओई कार्ब आहेत, आडवे, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा एक गळा, हवा आत जायची नळी. सेकंडहँड मिळाले. आणि हो, आपल्याकडं मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ मुळं असली गाडी पासिंग करून रस्त्यावर आणायची म्हणजे डोकेदुखी, म्हणून आमची मळ्यात आणि शेडच्या आवारातच फिरते. टोईंग करून ट्रॅकवर न्यायचा विचार आहे, बघू.

तर डीसीओईला चोकच नसतो असं लोक म्हणतात ते पूर्ण खरं नाही. नेहमीच्या कार्बला जसं वरनं हवा बंद करणारी चकती असते तशी यात नसते, पण बाजूला एक छोटा लिव्हर असतो, तो ओढला की आतलं वेगळं स्टार्टर सर्किट उघडतं आणि जादा पेट्रोल जातं. आता गंमत अशी की हे सर्किट मुळात जरा लहरी, दोन कार्बना मिळून केबल ओढायची कटकट, म्हणून किट कार बनवणारे बहुतेक जण ती केबल लावतच नाहीत. मलापण कार्ब मिळाले तेव्हा लिव्हर होते पण केबल नव्हती, आणि एका कार्बचं ते सर्किट कुणीतरी आधीच प्लेट मारून बंद करून टाकलेलं. म्हणजे कागदावर चोक आहे, प्रत्यक्षात नाही.

थंडीत होतंय काय

घरी पंपाचा स्टोव्ह बघितलाय ना, रॉकेलचा? त्याला आधी वाटीत स्पिरिट किंवा रॉकेल घालून पेटवावं लागायचं, बर्नर तापला की मगच आतलं रॉकेल वाफ होऊन निळं जळायचं. न तापवता पंप मारला तर नुसती पिवळी ज्योत आणि काजळी, आजीच्या शिव्या वेगळ्या. इंजिनाचं तसंच आहे. ओलं पेट्रोल जळत नाही, पेट्रोलची वाफ जळते. गरम इंजिनात १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल असलं की हिशोब बरोबर बसतो. पण थंड मॅनिफोल्डवर, म्हणजे कार्बपासनं सिलिंडरकडं जाणाऱ्या नळीत, निम्म्याहून जास्त पेट्रोल भिंतीला चिकटून थेंब होऊन बसतंय, सिलिंडरमधी जी वाफ पोचते ती इतकी पातळ असते की ठिणगी पडूनपण आग लागत नाही. म्हणून थंडीत भरपूर जादा पेट्रोल आत घालायचं, त्यातला जो हलका भाग पटकन उडतो तेवढाच कामाला येतो, बाकीचं इंजिन तापेपर्यंत तसंच थेंब होऊन पडून राहतं. चोकचं काम एवढंच, बाकी काय जादू नाही. चोक नसेल तर हे जादा पेट्रोल दुसऱ्या वाटेनं आत घालायचं, सगळा लेख याच एका गोष्टीवर आहे.

यात हल्ली आणखी एक भानगड वाढलीय, इथेनॉल. पंपावर आता ई२० मिळतंय, म्हणजे २० टक्के इथेनॉल. चिकोडी, अथणी, गोकाककडं ऊस जाताना बघतोच आपण, अख्ख्या कर्नाटकात सगळ्यात जास्त साखर कारखाने आपल्याच जिल्ह्यात, तो ऊस फिरून आपल्याच टाकीत येतोय म्हणायला हरकत नाही. पण थंड इंजिनाला ते आवडत नाही. इथेनॉल ७८ अंशाला उकळतं, आणि वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता खातं. वर त्याला जळायला हवा कमी लागते, शुद्ध इथेनॉलचा हिशोब ९ ला १, म्हणजे जुन्या जेटवर (पेट्रोल मापून सोडणारं बारीक भोक) मिक्श्चर आपोआप पातळ पडतं. माझ्या इंजिनाला ई२० आल्यावर थंडीत एक्सलेटरचे दोन पंप (पेडल दाबून सोडणं) जास्त लागायला लागले. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतंय, गाडी महिना-दोन महिने उभी असेल तर तेच पेट्रोल परत वापरायच्या आधी विचार करा, आणि जुन्या रबरी नळ्या असतील तर आधी त्या बदला.

आधी आपला कार्ब ओळखा

इथं बहुतेक लोक फसतात. कुणीतरी सांगितलेलं असतं, "पाच वेळा एक्सलेटर दाब आणि सेल्फ मार." पण दाबल्यावर पेट्रोल जातंय का हे कोण बघतं?

डीसीओई, आणि आपल्या जुन्या मारुती-फियाटचे बहुतेक कार्ब, यात एक्सलेटर पंप असतो. पेडल दाबलं की छोट्या जेटमधनं पेट्रोलची पिचकारी गळ्यात उडते, इंजिन बंद असलं तरी उडते. आमच्या एका दोस्तानं मारुती ८०० च्या इंजिनवर जपानी बाइकचे चार कार्ब लावलेत, सीव्ही टाइपचे, म्हणजे इंजिनाच्या ओढीवर आपोआप उघडणारे. त्यात असा पंप नाही. तो पठ्ठ्या रोज सकाळी दहा-दहा वेळा पेडल मारायचा आणि म्हणायचा आज जरा जास्त दाबलं म्हणून उठली. अरे, इंजिन बंद असताना त्या कार्बमधी पेडल दाबलं तर नुसती चकती हलते, एक थेंब आत जात नाही. उठायची ती सेल्फ भरपूर मारल्यामुळं. जुन्या इंग्लिश गाड्यांच्या एसयू कार्बचंही असंच, बंद इंजिनावर पेडल मारून काय उपयोग नाही.

बघायचं कसं तर असं. इंजिन थंड, इग्निशन बंद, फ्लोटमधी (कार्बमधली पेट्रोल साठायची छोटी वाटी) पेट्रोल आहे याची खात्री. एअर फिल्टर काढा, टॉर्च मारून गळ्यात बघा आणि दुसऱ्याला हळू पेडल दाबायला सांगा. प्रत्येक गळ्यात सुतासारखी बारीक, सरळ धार दिसली पाहिजे. माझ्या चारपैकी एका गळ्यात नुसती घाम आल्यासारखी ओल दिसायची, धार नाही. महिनाभर मी बॅटरीला दोष देत होतो, आणि जेट कचऱ्यानं तुंबलेलं होतं, काढून कॉम्प्रेसरनं फुंकलं आणि मोकळं झालं. बघताना तोंड गळ्याच्या समोर न्यायचं नाही, बाजूनं बघायचं. आणि बिडी-सिगारेट शेडच्या बाहेर, हे सांगायची गरज नाही पण तरी सांगतो.

सेल्फ मारायच्या आधी

बॅटरी. रात्रभर उभी असलेली चांगली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ च्या आसपास असेल तर ती निम्मी उतरलीय, थंडीत ती तुम्हाला दगा देणार. सेल्फ फिरताना कुणाला तरी मल्टिमीटर धरायला सांगा, ९.६ च्या खाली जात असेल तर सेल्फ फिरतोय एवढ्यावर खूश होऊ नका, त्याच वेळी ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलला करंट कमी पडतोय आणि ठिणगी मेलेली असते. हे मला फार उशिरा कळलं. इंजिन गरगर फिरतंय म्हणजे बॅटरी ठीक, असं मी धरून चाललो होतो. अर्थ केबलचं नटबोल्ट घासून घट्ट करा, आमच्यासारख्या घरगुती चेसिसवर पेंट मारलेल्या जागी अर्थ लावलेला असतो हा नेहमीचा रोग. जुन्या फियाट-अँबॅसिडरच्या पॉइंटवाल्या इंजिनात कॉइलला बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा करंट कमी ठेवणारा तुकडा) असेल तर सेल्फच्या वेळी त्याला बायपास करणारी वायर जोडलीय का बघा, वायरिंग नव्यानं करताना हीच वायर हटकून राहते.

ऑइल. २०डब्ल्यू-५० थंडीत मधासारखं घट्ट होतंय. बेळगावात चालतं, पण सेल्फ जड फिरत असेल तर १५डब्ल्यू-४० घालून बघा. आणि सेल्फ मारताना क्लच दाबून धरायचा, गिअरबॉक्समधलं घट्ट ऑइल फिरवायचा भार तेवढाच कमी.

प्लग. गॅप ०.७ ते ०.८ मिलिमीटर. रेसिंगच्या नादात फार थंड नंबरचा प्लग कुणी लावला असेल तर तो थंडीत काळा पडून ओला होणार, घरच्या गाडीला नेहमीचाच नंबर बरा.

आणि फ्लोट. हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून शेवटी. गाडी आठवडाभर उभी राहिली की फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उडून जातंय. त्यात पेडल कितीपण मारा, पंपात हवा असते. इलेक्ट्रिक पेट्रोल पंप असेल तर इग्निशन ऑन करून आवाज ऐका, आधी टकटकटक फास्ट आणि फ्लोट भरले की हळू होतो किंवा थांबतो. माझ्याकडं तो बदल कळायला साधारण आठ-दहा सेकंद लागतात. डीसीओईला ३ पीएसआयच्या आसपास प्रेशर पुरतं, फार जास्त असेल तर पेट्रोल अडवणारं फ्लोटचं निडल सीटवरनं खाली ढकललं जाऊन ओव्हरफ्लो होतं. इंजिनावरचा मेकॅनिकल पंप असेल तर आधी पेडलला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, पाच-सहा सेकंद सेल्फ मारून फ्लोट भरून घ्यायचे, जरा थांबायचं, मग पुढचं.

आता प्रत्यक्ष

मी करतो तसं सांगतो. हेडलाइट, फॅन बंद. इग्निशन ऑन, पंपाचा आवाज मंद होईपर्यंत थांबतो. मग पेडल तळापर्यंत दाबून सोडायचं, घाई नाही, एक... दोन... तीन... असं. पेडल तळापर्यंत जाऊ दे आणि पूर्ण वर येऊ दे, कारण पंपाचा पिस्टन परत वर येऊन भरायला क्षणभर लागतो, टपटपटप मारलं तर दहातले सहा फुकट. माझ्या इंजिनाला तेरा-चौदा अंशाला सहा लागतात. तुमच्याला तीनच लागतील किंवा आठ. पहिल्या दिवशी चारपासनं सुरू करा.

शेवटच्या पंपनंतर लगेच सेल्फ मारा. मी आधी अर्धा मिनिट थांबायचो, म्हटलं वाफ होऊ दे, पण आडव्या कार्बमधी थांबलं की पेट्रोल मॅनिफोल्डच्या तळाला जाऊन बसतंय, आणि मॅनिफोल्डचा उतार हेडकडं नसेल तर उलटं बाहेर फिल्टरमधी थेंब थेंब गळतं. आमचं तेच झालं होतं.

सेल्फ मारताना पेडल तीळभर दाबलेलं. तीळभर म्हणजे खरंच तीळभर, पाय नुसता टेकवायचा. याचं कारण असं की थ्रॉटलची चकती जरा सरकली की तिच्या शेजारची बारीक भोकं उघडी पडतात, आणि आतली ओढ त्या भोकांतनं जादा पेट्रोल खेचते. चकती एकदम बंद असेल तर भोकं झाकलेली, आणि फार उघडली तर ओढच राहत नाही, हवा नुसती आरपार जाते. या दोनच्या मधली ती जागा पायाला कळायला हवी. आमच्या इथल्या बॅटरीवाल्या अण्णांना मी हे दाखवत होतो, मी नेहमीप्रमाणं घाबरून जास्त दाबलं, ते खिडकीतनं म्हणाले, "निधान माडरी, निधान." कन्नडमधी, हळू करा, हळू. त्यांचं ऐकलं आणि उठली. खरं सांगायचं तर सगळी टेक्निक त्या एका शब्दात आहे.

सेल्फ दहा सेकंदाच्या वर सलग मारायचा नाही. दहा सेकंद, मग अर्धा मिनिट विश्रांती, सेल्फची मोटर आणि बॅटरी दोघांनाही. एक-दोन सिलिंडर फायर व्हायला लागले, गाडी थरथरली, भक् भक् आवाज आला की लगेच सेल्फ सोडायचा नाही, इंजिन स्वतःच्या जोरावर फिरेपर्यंत धरून ठेवायचा. इथं घाबरून किल्ली सोडली की परत पहिल्यापासनं. आणि या वेळी इंजिन मरायला लागलं तर पायानं एक छोटा पंप द्यायचा, अर्धा, पूर्ण नाही.

उठल्यावर लगेच पाय काढू नका

चोकवाल्या गाडीत चोक ओढला की आयडलपण आपोआप वाढतं. इथं ते काम पायानं करायचं. १५०० ते २००० आरपीएमच्या मधे धरून ठेवा, दोन-तीन मिनिटं. खाली सोडलं तर मरेल, आणि मेलं की आता सिलिंडरमधी ओलं पेट्रोल आहे, दुसऱ्यांदा उठायला पहिल्यापेक्षा जास्त रडवेल. वर रेस द्यायची नाही, ऑइल अजून वरपर्यंत पोचलेलं नसतं. काही लोक उठल्या उठल्या वाँऽऽव वाँऽऽव करून गल्ली जागी करतात, बेअरिंगला काय वाटत असेल ते त्यांनाच माहीत.

पाय धरून बसायचा कंटाळा येतो म्हणून मी एक जुगाड केलं, जुन्या चेतकची चोक केबल आणि तिचा तो काळा बटण. भंगारात मिळाली. थ्रॉटल लिंकेजला लावली, ओढली की १७०० वर बसते, गरम झालं की आत ढकलायची. म्हणजे बटण चोकचंच आहे पण चोक करत नाही. काकांना दाखवली, त्यांचं समाधान झालं.

आणि दार उघडं ठेवा. बंद शेडमधी कार्बन मोनॉक्साइड कळतपण नाही, वासही येत नाही, माणूस जागच्या जागी झोपतो. थंडीत दार लावून इंजिन गरम करायची हौस करू नका.

उठेना तर

एक प्लग काढून बघा, अंदाजानं पेडल मारत राहू नका.

प्लग ओला, पेट्रोलचा वास मारतोय, म्हणजे ओव्हर झालंय. पेडल तळापर्यंत दाबून धरून ठेवायचं, धरूनच, वर-खाली नाही, कारण प्रत्येक वर-खालीला आणखी पेट्रोल जाणार. तसं धरून आठ-दहा सेकंद सेल्फ मारा, भरपूर हवा जाऊन आतलं सुकतं. उठायला लागलं की पाय हळू वर घ्या. तरी नाही झालं तर चारी प्लग काढा, पुसा, कॉइलची लीड काढून ठेवून प्लगशिवाय पाच सेकंद सेल्फ मारून सिलिंडर मोकळे करा, बाहेर उडणाऱ्या पेट्रोलच्या फवाऱ्यासमोर उभं राहू नका. चहा घेऊन या, मग प्लग बसवा.

प्लग कोरडा, म्हणजे पेट्रोल पोचलंच नाही. फ्लोट रिकामा, पेट्रोल पंप बंद, जेट तुंबलेलं, नाहीतर पेडलचे पंप वाढवायला हवेत. एक-एकनं वाढवा.

कार्बच्या तोंडातनं फट् फट् असा उलटा फटाका, म्हणजे मिक्श्चर पातळ आहे, दोन पंप आणखी. किंवा टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, चुकलंय, विशेषतः नुकताच डिस्ट्रिब्युटर काढून बसवला असेल तर.

आता आगीची गोष्ट. त्या दिवशी बारा-पंधरा पंप मारून झालेले, स्पंजचे फिल्टर पेट्रोलनं भिजलेले, आणि मला दिसतच नव्हतं. सेल्फ मारला, एक उलटा फटाका झाला आणि फिल्टरवर निळसर ज्योत. आपोआप हात किल्ली बंद करायला जातो. नशिबानं मामा शेजारी होते, ओरडले, "सेल्फ सोडू नको!" सेल्फ चालू ठेवला की इंजिन ती ज्योत आत ओढून घेतं, आमची तशीच आत गेली आणि विझली. फिल्टरचा वरचा भाग तेवढा वितळला. दोन-तीन सेकंदात आत गेली नाही तर मात्र सेल्फ सोडायचा, पेट्रोल पंप बंद, आणि एक्स्टिंग्विशर. एबीसी पावडरचा छोटा सिलिंडर सीटच्या शेजारी पाहिजे, शेडच्या दुसऱ्या टोकाला भिंतीवर नाही. पाणी मारायचं नाही, पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं.

म्हणूनच ते बाटलीच्या टोपणातनं कार्बमधी पेट्रोल ओतणं आहे ना, जे रस्त्याकडेला प्रत्येक मेकॅनिक करतो, ते मी बंद केलं. उठते त्यानं, मान्य आहे. पण हातात उघडी बाटली, समोर गळा, आणि आत एक जण सेल्फ मारतोय, यात एकच फटाका पुरे आहे.

पंप नसलेल्या कार्बवाल्यांसाठी

बाइकचे कार्ब असतील तर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे त्यांचा स्वतःचा चोक परत जिवंत करा. कार्बच्या बाजूला छोटे पितळी प्लंजर असतात, चारी एका पट्टीनं जोडलेले, ती पट्टी लोक इंजिनवर बसवताना अडचण होते म्हणून काढून टाकतात. आमच्या दोस्तानं ती परत लावली, सायकलच्या ब्रेकची केबल जोडली, आणि आता त्याची ८०० माझ्या आधी उठते. यात एक्सलेटर अजिबात दाबायचा नाही, हे लक्षात ठेवा, कारण हे सर्किट चकती बंद असतानाच्या ओढीवर चालतं. पेडल दाबलं की चोक कामातनं गेला.

आठवतंय का, जुन्या स्कूटर सकाळी एका बाजूला कलत्या करून धरायचे आणि मग किक मारायचे? आणि जुन्या जावाच्या कार्बला बोटानं दाबायचं टिकलर असायचं. ते फ्लोट खाली ढकलून पेट्रोल वर आणायचं काम, म्हणजे हेच. आपल्या घरच्या लोकांना हे सगळं माहीत होतं, फक्त कारण माहीत नव्हतं.

प्लंजरच नसतील तर हवा अडवायची. चारी गळे एकाच वेळी झाकेल अशी फळी, मी शाळेतलं परीक्षेचं लाकडी पॅड वापरून बघितलंय, मापात बसलं. फिल्टर काढून पॅड गळ्यांवर नुसतं टेकवायचं, जरा फट ठेवायची, दुसऱ्यानं पेडल तीळभर दाबून तीन-चार सेकंद सेल्फ मारायचा आणि पहिला धक्का बसला की पॅड बाजूला. तळहात लावायचा नाही. फडकंही नाही, ते आत ओढलं जातं आणि पेटलं तर विझत नाही.

पावसाळा आणि घाट

खानापूरच्या पुढं जांबोटी, कणकुंबीकडं जुलैत गेलात तर तिथं थंडी नाही पण हवा अशी ओली की कपडे वाळत नाहीत. तिथं आमच्या ओळखीच्या एकाच्या मळ्यात गाडी दोन आठवडे ठेवली होती, १९-२० अंश, आणि गाडी उठायची पण दहा मिनिटांनी गुदमरल्यासारखी करून मरायची. पाच मिनिटं थांबलं की परत ठीक. हे गळ्यात बर्फ धरण्याचं प्रकरण. पेट्रोल उडताना गळा गार होतो, वीस अंशांनी सुद्धा उतरू शकतो, आणि ओल्या हवेतलं पाणी तिथंच गोठतं. कंपनीच्या गाडीत मॅनिफोल्डला गरम पाणी फिरतं किंवा एक्झॉस्टकडची गरम हवा येते म्हणून हे होत नाही, आपण रेसिंग मॅनिफोल्ड लावताना ते सगळं काढून टाकलेलं असतं. इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत बारीक थ्रॉटलवर फार वेळ चालवू नका. मी पावसाळ्यात एक्झॉस्टच्या बाजूनं फिल्टरकडं हवा येईल असा पत्रा वाकवून लावतो.

उंचीचंही थोडं आहे. बेळगाव समुद्रापासनं साडेसातशे मीटर वर, गोव्यापेक्षा हवा सात-आठ टक्के विरळ. गोव्यात जेट सेट करून आणलेला कार्ब इथं जरा रिच पडतो, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त. थंड स्टार्टला ते बरंच, पण गरम झाल्यावर प्लग काळे दिसले तर चकित होऊ नका.

एक राहिलंच. एवढं पेट्रोल रोज आत घालतो, त्यातलं न जळलेलं सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलमधी मिसळतं. महिन्यातनं एकदा डिपस्टिक काढून वास घ्या. पातळी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदला, आणि पुढच्या वेळी गाडी चालू करून दोन मिनिटांत बंद करायची सवय सोडा, एकदा उठवली की चांगली तापेपर्यंत फिरवायची. अशा गाडीत मी ऑइल ३००० किलोमीटरलाच बदलतो.

माझ्या डॅशबोर्डवर इलेक्ट्रिशियनची पांढरी टेप आहे, त्यावर पेननं लिहिलंय: डिसेंबर ६, जुलै ३, गरम ०. बाजूला आमच्या पोरीनं नंतर लिहिलंय: काका ओरडले तर १ जास्त.